उसन्या बुद्धीची गाडी



कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. बाहुली नाचते, लढते, राजाला मुजरा करते. पण तिच्या मस्तकावरून वर गेलेला दोरा प्रेक्षकांच्या नजरेंतून सुटत नाहीं. हालचाल बाहुलीची आणि बुद्धि सूत्रधाराची, हा हिशेब सर्वांस ठाऊक असल्यामुळें तिचें कौतुक वाटतें, भय मात्र वाटत नाहीं. आतां अशी कल्पना करा, कीं तो दोरा कोणीं कापून टाकला आहे आणि बाहुली तरीहि पूर्वीसारखीच नाचत आहे. १८९८ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं लोकांनीं प्रत्यक्ष असेंच कांहीं पाहिलें आणि ते चक्रावून गेले. आज आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी स्मार्टफोनच्या इशाऱ्यावर जी छोटीशी गाडी फरशीवरून फिरविते, तिची वंशावळ त्या प्रसंगापर्यंत मागें जाते. ती वंशावळ थोडक्यांत आपणांपुढें मांडावी, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम त्या गाडीची ओळख करून घेऊं. वीतभर लांबीच्या एका फळीला दोन बाजूंस दोन लहान मोटरी व दोन चाकें बसविलेलीं असतात. तोल सांभाळण्यासाठीं पुढें एक चहूंकडे फिरणारें छोटें चाक असतें. फळीवर बॅटरीचे सेल असतात. पत्त्याच्या पानाहून थोड्या लहान अशा एका पट्टीवर जी चिप असते, ती या गाडीचा मेंदू. शेजारची अंगठ्याएवढी पट्टी हा तिचा कान. हवेंतून आलेला निरोप ती ऐकते. तिसरी एक पट्टी मेंदूचा हुकूम मोटरींपर्यंत पोंचविते. हें साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत हिंडलें कीं मिळतें, आणि सुटीच्या एक-दोन दिवसांत जोडून होतें. फोनच्या कांचेवर बोट ठेवावें, गाडी निघते. बोट उचलावें, ती थांबते.

खेळणें या दृष्टीनें हें सारें फार साधें आहे. परंतु या साध्या खेळण्यांत तीन कठीण प्रश्नांचीं उत्तरें दडलेलीं आहेत. दूरच्या यंत्राला निरोप पोंचवावा कसा, हा पहिला प्रश्न. तो निरोप आपल्या धन्याचाच आहे, भलत्या कोणाचा नव्हे, हें यंत्रानें ओळखावें कसें, हा दुसरा. आणि निरोप पोंचावयास उशीर झाला, अथवा तो पोंचलाच नाहीं, तर यंत्रानें काय करावें, हा तिसरा. सव्वाशें वर्षांत अनेक देशांतील माणसांनीं या तीन प्रश्नांवर डोकें चालविलें, तेव्हां कोठें ही गाडी आपल्या घरीं आली.

पहिल्या प्रश्नाची पूर्वतयारी युरोपांत झाली. १८८८ च्या सुमारास जर्मनींत हाइनरिख हर्ट्झ यानें विद्युच्चुंबकीय लहरी प्रयोगशाळेंत उत्पन्न करून दाखविल्या. १८९० सालीं पॅरिस येथें एद्वार ब्रान्ली याला असें आढळून आलें, कीं कांचेच्या नळींत भरलेला धातूचा कीस एरवीं विजेच्या प्रवाहास अडवितो. परंतु जवळपास ठिणगी उडाली कीं ते कण एकमेकांस बिलगतात आणि प्रवाहास वाट देतात. नळीला टिचकी मारली कीं ते पुन्हां सुटे होतात. लहरींची चाहूल लागतांच उघडणारें जणुं हें एक दारच सांपडलें होतें. १८९५ सालीं कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं अशा लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू उडवून दाखविली. निरोप ऐकणें वेगळें आणि निरोपासरशीं कृति घडणें वेगळें. त्या घंटेनें हें अंतर ओलांडलें.

निकोला टेस्ला यानें तीच गोष्ट एका वाहनावर चढविली. त्याची होडी सुमारें चार फूट लांबीची होती. तिच्या पोटांत बॅटरी, पंखा फिरविणारी एक मोटर, सुकाणूं वळविणारी दुसरी मोटर आणि लहरी ओळखणारी धातूच्या किसाची नळी अशी सामग्री होती. वर खुणेचे दिवे होते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या एका मोठ्या कुंडांत त्यानें ती सोडली आणि लांब उभें राहून पेटींतील कळ दाबून हवी तशी फिरविली. प्रेक्षकांनीं तिला प्रश्न विचारावे, अशीहि मुभा होती. चौसष्टाचें घनमूळ किती, असें एकानें विचारलें असतां होडीवरील दिवे चार वेळां लुकलुकले, अशी हकीकत सांगतात. उत्तर अर्थातच टेस्लाच्या बोटांतून येत होतें. परंतु मधला दोरा दिसत नसल्यामुळें कोणास ती जादू वाटली, तर कोणास होडींत शिकविलेलें माकड लपविल्याचा संशय आला. पेटंट कचेरींतील परीक्षकहि कागदावरील वर्णनावर विश्वास ठेवीना. त्यानें जातीनें येऊन प्रयोग पाहिला, असें टेस्लानेंच पुढें लिहून ठेवलें आहे. ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं पेटंट मिळालें. त्याच्या शीर्षकांत नौकांबरोबरच 'वाहनें' हाहि शब्द आहे, हें आपण लक्षांत ठेवावें. आपल्या फरशीवरील गाडीची जागा त्या एका शब्दानें राखून ठेवली होती.

१९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ लेखांत टेस्लानें या होडीविषयीं एक मार्मिक गोष्ट सांगितली. हिच्यापाशीं बुद्धि आहे, परंतु ती उसनी आहे; चालविणाऱ्याचें मन तिनें घटकाभर मागून घेतलें आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. पुढें केव्हां तरी स्वतःची बुद्धि असलेलीं यंत्रेंहि होतील, असेंहि त्यानें भाकित केलें. उसनी बुद्धि आणि स्वतःची बुद्धि यांच्यामधली जी वाट आहे, त्या वाटेनेंच पुढचा सारा इतिहास घडत गेला.

जमिनीवर चालणारें पहिलें बिनतारी वाहन मात्र स्पेनमध्यें तयार झालें. लिओनार्दो तोरेस केव्हेदो हा तेथील इंजिनिअर स्वतः योजलेल्या वायुनौकांची चांचणी घेऊं पाहत होता. नव्या वायुनौकेंत माणूस बसवावा, तर त्याच्या जिवास धोका. न बसवावा, तर ती चालवावी कोणीं? या पेंचांतून त्याला दूरनियंत्रणाची कल्पना सुचली. १९०३ सालीं त्यानें आपलें 'टेलेकिनो' नांवाचें यंत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें मांडलें. १९०४ मध्यें त्यानें तीन चाकांचें एक वाहन वीस-तीस मीटर अंतरावरून चालविलें आणि १९०६ मध्यें बिल्बाओच्या बंदरांत राजा तेरावा आल्फोन्सो याच्यासमक्ष एक होडी किनाऱ्यावरून हांकून दाखविली. त्याच्या युक्तींतील मर्म असें, कीं तारायंत्राप्रमाणें लागोपाठ ठोके पाठवावे आणि ठोक्यांच्या संख्येवरून यंत्रानें हुकूम ओळखावा. म्हणजे नुसता धक्का न देतां यंत्राशीं सांकेतिक भाषेंत बोलावयाचें. आजच्या गाडीचा फोनहि हेंच करतो. 'पुढें' या अर्थाचें एक अक्षर, 'मागें' या अर्थाचें दुसरें, डावीकडे-उजवीकडे यांसाठीं आणखी दोन, आणि 'थांब' यासाठीं पांचवें, अशी पांच अक्षरांची भाषा तिला पुरेशी होते.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. लहर एकदां हवेंत सोडली कीं ती सर्वांच्या दारावरून जाते. माझा हुकूम शत्रूनें ऐकला, किंवा माझ्या नांवानें त्यानेंच हुकूम सोडला, तर? टेस्लाला ही अडचण आरंभींच दिसली होती, आणि एकाच वेळीं दोन निरनिराळ्या लहरी आल्याखेरीज उघडूं नये, असें कुलूप त्यानें १९०३ च्या पेटंटांत सुचविलें होतें. हा प्रश्न तीव्र होण्याचें कारण उघड आहे. दूरनियंत्रणाच्या शोधाचें पहिलें मोठें गिऱ्हाईक युद्ध हेंच ठरलें. ज्या वर्षीं टेस्लाची होडी लोकांनीं पाहिली, त्याच वर्षीं अमेरिका व स्पेन यांचें युद्ध चाललें होतें. आणि माणूस न बसवितां शत्रूवर सोडावयाची पाणतीराची नौका, असाच तिचा उपयोग त्यानें सुचविला होता. १९३९-४० च्या हिवाळ्यांत सोविएत सैन्यानें फिनलंडविरुद्ध बिनतारी हुकमांवर चालणारे रणगाडे वापरले. १९४२ पासून जर्मन सैन्यानें 'गोलिआथ' नांवाची एक बुटकी, साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी गाडी रणांगणावर आणली. साठ ते शंभर किलो स्फोटकें पोटांत घेऊन ती शत्रूच्या ठाण्याखालीं जाई आणि तेथें स्वतःसकट फुटे. अशा सात हजारांहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या. त्या चालत मात्र मागें ओढत नेलेल्या तारेवर. तारेंतून जाणाऱ्या हुकमांत दुसऱ्यास ढवळाढवळ करतां येत नाहीं, हा तिचा फायदा; आणि तार तोडली कीं गाडी निकामी, हा तिचा तोटा.

तारेवांचूनहि गुप्तता राखतां येईल, अशी एक सुंदर युक्ति त्याच साली अमेरिकेंत पेटंट झाली. तिचे जनक दोघे होते, आणि त्यांतील एकहि इंजिनिअर नव्हता. हेडी लमार ही व्हिएन्नांत जन्मलेली चित्रपटांतील नामांकित नटी. जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, ज्यानें स्वयंचलित पियानोंसाठीं संगीत रचलें होतें. त्यांनीं असें सुचविलें, कीं पाणतीराला हुकूम देतांना लहरींची पट्टी सारखी बदलत ठेवावी. पाठविणारा व घेणारा या दोघांपाशीं सारख्याच छिद्रांचीं कागदी भेंडोळीं असावीं आणि तीं एकाच तालांत उलगडावीं. म्हणजे दोघे एकाच क्षणीं एकाच पट्टीवर उडी घेतील आणि तिऱ्हाइतास मात्र एक-दोन सुटे स्वरच ऐकूं येतील. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात. यांच्या योजनेंतहि अठ्ठ्याऐंशीच होत्या. ११ ऑगस्ट १९४२ रोजीं पेटंट मिळालें; परंतु अमेरिकेच्या आरमारानें त्या वेळीं ही युक्ति वापरावयास घेतली नाहीं.

पट्ट्या बदलण्याचें हेंच तत्त्व आज आपल्या गाडीच्या कानांत काम करतें. त्या कानाला 'ब्लूटूथ' म्हणतात. १९९४ सालीं स्वीडनमध्यें एरिक्सन कंपनींत त्याच्या कामास आरंभ झाला. ही यंत्रणा एकोणऐंशी पट्ट्यांवरून सेकंदास सोळाशें उड्या घेते. दिवाणखान्यांत एकाच वेळीं दोन मुलांनीं दोन गाड्या सोडल्या, तरी एकीचा हुकूम दुसरी मानीत नाहीं, याचें बरेंचसें श्रेय या उड्यांकडे जातें. बाकीचें श्रेय परवलीच्या आंकड्याकडे. फोन आणि गाडी यांची पहिली ओळख करून देतांना हा आंकडा द्यावा लागतो. बाजारांतून आणलेल्या पट्टीचा आंकडा बहुधा १२३४ असा असतो. तो सर्वांस ठाऊक असल्यामुळें ज्याची त्यानें बदलून घ्यावयाचा असतो. आणि तो न बदलणें म्हणजे नवें कुलूप आणून किल्ली त्यालाच लटकत ठेवण्यासारखें आहे.

येथें एका कायदेशीर गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्यावांचून ही गाडी घरांत आलीच नसती. हवेंतील लहरींवर जगभर सरकारांचा पहारा असे. आपल्याकडे १९३३ च्या कायद्यानें बिनतारी उपकरण जवळ बाळगण्यासहि परवाना आवश्यक केला. घरचा साधा रेडिओ ऐकण्यासाठीं टपाल कचेरींत जाऊन परवान्याचे पैसे भरल्याची आठवण वडीलधाऱ्या मंडळींस अजून असेल. १९८५ सालीं अमेरिकेनें लहरींचे कांहीं पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांसाठीं परवान्याशिवाय खुले केले. त्यांतला एक तर स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीचाच पट्टा होता, म्हणून प्रतिष्ठित कामांसाठीं त्याची फारशी मागणी नव्हती. भारतानें तो पट्टा २००५ च्या जानेवारींत अशा उपकरणांसाठीं परवानामुक्त केला. ओसाड समजल्या जाणाऱ्या त्या माळावर आज ब्लूटूथ आणि वायफाय हीं दोन्ही पिकें डोलत आहेत.

राहिला तिसरा प्रश्न: हुकूम पोंचला नाहीं, तर काय? याचें एक टोकाचें उत्तर इंग्लंडमधील ब्रिस्टल येथें मिळालें. मेंदूचा अभ्यास करणारे डॉ. ग्रे वॉल्टर यांनीं १९४८-४९ मध्यें एल्मर आणि एल्सी नांवाचीं दोन यांत्रिक कांसवें तयार केलीं. त्यांना कोणी हुकूम देतच नसे. प्रत्येकीं तीन चाकें, प्रकाश ओळखणारा एक डोळा, धक्का ओळखणारें कवच आणि दोन मज्जापेशींच्या जागीं दोन व्हॉल्व्ह, एवढ्या सामग्रीवर तीं कांसवें खोलीभर हिंडत, वाटेंतील अडथळा चुकवीत, मंद प्रकाशाकडे जात, प्रखर प्रकाशापासून दूर होत. आणि बॅटरी उतरली कीं दिवा लावलेल्या आपल्या खुराड्याकडे परतत. १९५१ साली लंडनमधील 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या महोत्सवांत अशीं कांसवें लोकांस पाहावयास मिळालीं. टेस्लाची होडी सर्वस्वीं उसन्या बुद्धीवर चालली. ग्रे वॉल्टर यांच्या कांसवांनीं उसनें घेण्याचें नाकारलें. खरें उपयोगी यंत्र या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असतें, हें पुढें चंद्रावर कळून आलें.

१७ नोव्हेंबर १९७० रोजीं सोविएत रशियाची 'लुनोखोद-१' ही आठ चाकांची गाडी चंद्रावर उतरली. परक्या गोलावर दुरून चालविलेली ही पहिली गाडी. वजन सुमारें साडेसातशें किलो. ती चालविण्यास क्रिमियांत पांच जणांचें पथक बसे. त्यांना सलग चित्र दिसत नसे; कांहीं कांहीं सेकंदांनीं एक स्थिर चित्र येई. हुकूम जाऊन त्याचा परिणाम दिसेपर्यंत प्रकाशाच्या वेगानेंहि अडीच सेकंदांहून अधिक काळ लागे. चित्रांत खड्डा दिसावा आणि तोंवर गाडी त्याच्या काठावर असावी, असा तो प्रकार. तरीहि पथकानें सुमारें दहा महिन्यांत तिला साडेदहा किलोमीटर चालविलें. मंगळाची गोष्ट याहून बिकट. १९९७ च्या जुलैंत अमेरिकेची 'सोजर्नर' ही सहा चाकांची गाडी तेथें उतरली, तेव्हां निरोपास एका बाजूनेंच दहा मिनिटांहून अधिक काळ लागत होता. त्यामुळें 'त्या दगडापर्यंत जा' एवढेंच पृथ्वीवरून सांगावें आणि वाटेंतील धोका तिनें तिचा चुकवावा, अशी वांटणी करावी लागली. अंतर वाढलें, तसतसें उसनवारीचें प्रमाण कमी करून यंत्राला पदरची थोडी अक्कल द्यावी लागली.

आपल्या 'प्रज्ञान' गाडीची आठवण या ठिकाणीं सहज होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशांत उतरलें आणि त्यांतून सव्वीस किलो वजनाची ही सहा चाकांची गाडी बाहेर आली. २७ ऑगस्ट रोजीं तिच्यापुढें अवघ्या तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला. पृथ्वीवरून तिला आल्या वाटेनें माघारी फिरण्याचा हुकूम गेला आणि ती सुखरूप दुसऱ्या वाटेला लागली. शंभर मीटरांच्या आसपासच तिचा एकंदर प्रवास झाला. पण त्यांतील ही माघार मला सर्वांत बोलकी वाटते. चालविणाऱ्याचें कौशल्य गाडी पळविण्यापेक्षां ती वेळेवर थांबविण्यांत अधिक दिसतें.

आतांपर्यंत सांगितलेलीं यंत्रें आरमारांचीं, राजदरबारांचीं, प्रयोगशाळांचीं आणि अंतराळसंस्थांचीं होतीं. तीं सामान्य घरांत आलीं कोणाच्या हातून? छांदिष्टांच्या. छांदिष्ट हा शब्द आपण जरा हिणवून वापरतों. परंतु ज्या नभोवाणीवरून आपण हें भाषण ऐकत आहां, तिची भारतांतील सुरुवातहि छांदिष्टांनींच केली. १९२३ च्या जूनमध्यें मुंबईच्या रेडिओ क्लबनें येथून पहिलें प्रक्षेपण केलें. व्यावसायिक कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें तें त्यानंतर चार वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं. अमेरिकेंत १९३७ सालीं वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं घरीं बनविलेलें छोटें विमान बिनतारी हुकमांवर उडविलें. तें आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचें आहे. पुढें ट्रान्झिस्टर आला, वजन व किंमत उतरली, आणि १९७० नंतरच्या दशकांत जपानी बनावटीच्या दूरनियंत्रित मोटारी खेळण्यांच्या दुकानांत मांडल्या गेल्या. परंतु दुकानांतील मोटार ही बंद पेटी होती. ती चालवितां येई. तिची बुद्धि मात्र कारखान्यांत भरलेली असे, आणि ती बदलण्याची सोय नसे.

ती पेटी उघडली इटलींतील इव्रेआ या गांवीं. तेथील एका आरेखन-संस्थेंत विद्यार्थ्यांना स्वस्तांत वापरतां येईल असा छोटा नियंत्रक हवा होता. एर्नांदो बार्रागान या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधासाठीं केलेल्या कामाच्या पायावर २००५ सालीं मासिमो बांझी, दाविद क्वार्तिएलेस व त्यांचे सहकारी यांनीं 'आर्दुइनो' नांवाची पट्टी सिद्ध केली. तिचे आराखडे त्यांनीं कपाटांत ठेवले नाहींत. कोणींहि पाहावे, करावे, सुधारावे, म्हणून ते खुले केले. आपल्या गाडीचा मेंदू म्हणजे बहुधा हीच पट्टी. नांवांचा एक योगायोगहि मौजेचा आहे. आर्दुइनो हें नांव इव्रेआंतील एका मद्यगृहाचें, आणि त्या मद्यगृहाला तें मिळालें १००२ साली इटलीच्या गादीवर बसलेल्या आर्दुइन राजावरून. ब्लूटूथ हें नांव दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हाराल्ड याच्या टोपणनांवाचें भाषांतर होय. एक मेंदूचा राजा, दुसरा कानाचा. दोघांत पुरतें अर्धें शतकहि अंतर नाहीं. सूत्रधाराच्या हातांतील काठी मात्र अगदीं अलीकडची. २००७ मध्यें आयफोन आणि २००८ मध्यें पहिला अँड्रॉइड फोन बाजारांत आला, आणि थोड्याच वर्षांत पडदा, बॅटरी व बिनतारी यंत्रणा हीं तिन्ही जमलेली वस्तु घरोघर झाली. दूरनियंत्रकाची वेगळी पेटी विकत घेण्याचें कारणच उरलें नाहीं.

अशी गाडी स्वतः जोडूं लागलें, कीं हा सारा इतिहास बोटांना कळूं लागतो. मेंदूची चिप आपल्या एका पायावाटे वीस ते चाळीस मिलिअँपिअर एवढाच प्रवाह देऊं शकते. मोटरीला निघतांना त्याच्या कित्येक पट लागतो. म्हणून मध्यें ती तिसरी पट्टी घालावी लागते. मुनीम चिठ्ठी लिहितो आणि पोतीं हमाल उचलतो, तसा हा व्यवहार. त्या पट्टींत चार कळांचा एक पूल असतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील एक जोडी उघडली कीं मोटर सुलट फिरते, दुसरी उघडली कीं उलट. वळण्यासाठीं सुकाणूं नसतें. बैलगाडी वळवितांना गाडीवान एका बैलास थोपवितो आणि दुसऱ्यास हांकतो. येथें एक चाक थांबवावयाचें किंवा उलट फिरवावयाचें, आणि दुसरें पुढें.

यानंतर कार्यक्रम लिहावयाचा, आणि तेथें तिसरा प्रश्न समोर उभा राहतो. 'पुढें' हें अक्षर आलें कीं पुढें जा, 'थांब' हें आलें कीं थांब, असा साधा कार्यक्रम लिहिला, तर फोनची बॅटरी मध्येंच संपतांच गाडी शेवटचा हुकूम शिरोधार्य मानून चालतच राहते, आणि वाटेंत जिना असला तर जिन्यावरून खालीं जाते. उपाय सोपा आहे. फोननें बोट दाबलेलें असेपर्यंत तेंच अक्षर पुन्हां पुन्हां पाठवावें, आणि अर्ध्या सेकंदांत अक्षर आलें नाहीं तर गाडीनें आपण होऊन थांबावें. कार्यक्रमांत याला दोन-चार ओळी पुरतात. पण या ओळी लिहिणाऱ्या मुलाला एक मोठें तत्त्व समजलेलें असतें: दुसऱ्यास बुद्धि उसनी देणारानें, आपण गप्प झालों तर त्यानें कसें वागावें, हेंहि आधींच सांगून ठेवलें पाहिजे.

हें तत्त्व खेळापुरतें राहिलेलें नाहीं, म्हणूनच या विषयाचें महत्त्व. महाराष्ट्रांतील कितीतरी शेतकरी रात्री-अपरात्री वीज आली असतां विहिरीवरचा पंप घरीं बसून मोबाइलवरून सुरू करतात. अंधारांतील पायपीट आणि विंचूकिरडांचें भय त्यामुळें टळलें. पण विहिरींत पाणीच नसलें तर पंपानें आपणहून बंद व्हावें, ही सोय त्या साधनांत आहे किंवा नाहीं, यावर मोटर जळणें किंवा वांचणें अवलंबून असतें. शहरांतील घरांत दाराचें कुलूप, पाळण्यावर नजर ठेवणारा कॅमेरा, पाणी तापविण्याचें यंत्र, हीं सारीं हळूहळू फोनच्या हुकमाखालीं येत आहेत. प्रत्येकाविषयीं तेच तीन प्रश्न विचारावयाचे. हुकूम कोणत्या वाटेनें जातो? माझ्यावांचून आणखी कोणास तो देतां येतो? आणि वाट तुटली तर हें यंत्र काय करील? विकणारा हीं उत्तरें आपण होऊन सांगतोच असें नाहीं. विचारणाऱ्याला प्रश्न ठाऊक असावा लागतो.

मुलांच्या हातीं फोन द्यावा कीं देऊं नये, यावर सध्यां पुष्कळ चर्चा चालते. माझी सूचना एवढीच आहे, कीं देणारच असाल, तर त्याबरोबर दोन मोटरी, एक फळी आणि डाख देण्याची सळईहि द्या, आणि पहिली चूक होईतों शेजारीं बसा. फोनच्या पडद्यावर दुसऱ्यांनीं रचलेले खेळ खेळतांना मूल दुसऱ्याच्या बुद्धीनें हालत असतें, आणि तेथला दोरा त्याला दिसत नाहीं. स्वतः जोडलेली गाडी चालवितांना दोऱ्याचें टोक त्याच्या हातीं असतें. तो कोठून निघाला, कोठें अडकतो आणि तुटला तर काय करावयाचें, हें त्याला कळतें. टेस्लाच्या होडीपुढें जमलेल्या लोकांत आणि या मुलांत सव्वाशें वर्षांचें अंतर आहे. ते लोक माकड शोधीत राहिले. आमच्या मुलांनीं झांकण उघडून पाहावें.